एका माणसाचे गाव : नेब्रास्कातील मोनोवाय

प्रश्न : अमेरिकेत मोनोवाय नावाच्या गावात एकच व्यक्ती राहते, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? असल्यास ते गाव कोठे आहे आणि ओस का पडले? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : होय, खरे आहे. मोनोवाय हे नेब्रास्का राज्याच्या ईशान्य भागात, बॉइड काउंटीच्या (काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग) पूर्व बाजूला, साउथ डकोटा राज्याच्या सीमेजवळ वसलेले आहे. या काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे आहे. दक्षिणेला नायोब्रारा नदी, ईशान्येला मिसुरी आणि मधून वाहणारा पोंका ओढा यांच्यामधला हा प्रदेश गवताळ टेकड्यांचा असून तेथे मका, चाऱ्याचे गवत आणि गुरे यांवर लोकांचा चरितार्थ चालतो. नद्यांच्या शेजारी राहणे तेथेही सोपे नाही. पूर्वेकडचे नायोब्रारा हे गाव नदीच्या पाण्यामुळे दोन वेळा, १८८१ मध्ये आणि पुन्हा १९७० च्या दशकात, जागा बदलून वसवावे लागले. मार्च २०१९ मध्ये नायोब्रारा नदीवरील स्पेन्सर धरण फुटले, तेव्हा पुराबरोबर बर्फाचे प्रचंड तुकडे शेतांत येऊन पडले होते.

मोनोवाय वसले १९०२ मध्ये, लोहमार्ग तेथवर पोचला तेव्हा. त्याआधी ही भूमी निर्जन होती असे मात्र समजू नये. ओढ्याला ज्यांचे नाव आहे त्या पोंका जमातीच्या मूलनिवासी लोकांना १८७७ मध्ये सरकारने या परिसरातून बळाने हलवून दक्षिणेकडे नेले. त्यांचे प्रमुख स्टँडिंग बेअर हे आपल्या मृत मुलाच्या अस्थी मायभूमीत पुरण्यासाठी परतले असता त्यांना अटक झाली, आणि १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायालयाला ‘इंडियन (म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी) हा कायद्याच्या दृष्टीने माणूस आहे’ असा निर्णय द्यावा लागला. या भागाच्या लोकसंख्येचा विचार करताना हा निकाल प्रथम आठवावा, असे मला मनापासून वाटते. कारण शिरगणतीत कोणाला धरायचे, हा प्रश्न आकड्याच्या आधी येतो.

गाव ओस का पडले हे समजण्यासाठी तेथील वसाहतीची रीत पाहावी लागते. आपल्या मनात गाव म्हटले की आधी गावठाण येते, घराला घर लागून असलेले, आणि मग भोवतालचे शिवार. तेथे नेमके उलट घडले. सरकारने जमीन मैलाच्या चौकोनांत मोजली आणि १८६२ च्या कायद्यानुसार, पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसण्याच्या अटीवर, प्रत्येक कुटुंबाला १६० एकरांपर्यंत जमीन दिली. त्यामुळे शेतकरी आपल्याच शेतात घर बांधून राहिला, जसे आपल्याकडे काही कुटुंबे मळ्यात वस्ती करून राहतात. मोनोवायसारखे गाव होते ते धान्य गाडीत भरण्यासाठी, टपालासाठी, किराण्यासाठी, शाळेसाठी आणि चर्चसाठी. ती कामे थांबली की गावाचे प्रयोजनच संपते.

१९३० च्या दशकात येथे सुमारे १५० लोक होते. पुढे ट्रॅक्टर आले, एका कुटुंबाला अनेक पट जमीन कसता येऊ लागली आणि लहान शेतकऱ्यांची मुले शहरांकडे गेली. चर्चमधला शेवटचा अंत्यविधी १९६० मध्ये झाला, टपाल कार्यालय १९६७ मध्ये बंद झाले, रेल्वेही थांबली आणि शाळेला १९७४ मध्ये कुलूप लागले. एकटे मोनोवायच नव्हे, सारी काउंटीच रोडावली : १९१० मध्ये आठ हजारांहून अधिक असलेली तिची लोकसंख्या २०२० मध्ये १,८१० वर आली. २००० च्या जनगणनेत मोनोवायमध्ये एक वृद्ध दांपत्य उरले होते. पती २००४ मध्ये वारले आणि २०१० च्या जनगणनेत पत्नी एकट्याच नोंदल्या गेल्या.

प्रश्न : २०२० च्या जनगणनेत मात्र या गावाची लोकसंख्या दोन दाखवली आहे. दुसरी व्यक्ती कोण? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : दुसरी व्यक्ती नव्हतीच. अमेरिकी कायद्यानुसार जनगणनेतील व्यक्तिगत माहिती ७२ वर्षे गोपनीय ठेवावी लागते. एकाच रहिवाशाच्या गावाचे तंतोतंत कोष्टक प्रसिद्ध झाले, तर त्या बाईंचे वय, वंश वगैरे सारेच उघड होणार. म्हणून २०२० मध्ये जनगणना खात्याने लहान प्रदेशांच्या आकड्यांत गणिती पद्धतीने जाणूनबुजून थोडा फरक मिसळला. राज्याचा एकूण आकडा, नेब्रास्कासाठी १९,६१,५०४, आणि घरांची संख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली. लाखांच्या वस्तीत एकदोनाचा फरक कोणाला जाणवत नाही. येथे मात्र लोकसंख्या दुप्पट झाली. त्यामुळे अगदी लहान गावाचा २०२० चा आकडा उद्धृत करताना ही गोष्ट अवश्य नमूद करावी.

प्रश्न : अशा गावाला आपल्या महसुली भाषेत ‘बेचिराग’ म्हणता येईल का? (एक वाचक, कणकवली)

उत्तर : नाही. बेचिराग म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे, महसूल दप्तरात नाव असूनही वस्ती नसलेले गाव. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ४३ हजारांहून अधिक गावांपैकी अडीच हजारांहून अधिक गावे अशी निर्जन होती.

मोनोवायचे क्षेत्र जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर असले, तरी ती कायद्याने स्थापन झालेली ग्रामसंस्था आहे आणि एकच रहिवासी उरल्यावरही तिचे काम चालू राहिले. त्या बाईच गावच्या महापौर, लिपिक आणि खजिनदार झाल्या. गावात त्यांची खानावळवजा मद्यशाळा होती आणि तिचा परवाना त्याच अर्ज करून त्याच मंजूर करीत. पतीने जमवलेल्या सुमारे ५,००० पुस्तकांचे ग्रंथालय त्यांनी एका छोट्या खोलीत थाटले. दरवर्षी रस्त्यांचा आराखडा तयार करून राज्य सरकारला पाठवण्याचे कामही त्यांनी चुकवले नाही, कारण गावातील चार पथदिव्यांचा निधी त्यावर अवलंबून होता.