शेव्हेल गॅरेजने अडवली, इंजिनही ओरिजिनल नाही: आधी कोणाशी भांडू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहता, ऑफिसला जायला हायब्रिड आहे आणि बरीच वर्षं मनात होतं म्हणून सेकंड कार म्हणून १९७० ची शेव्हेल एसएस ३९६ (शेव्हरलेची जुनी गाडी, एसएस म्हणजे तिचं स्पोर्टी रूप आणि ३९६ हे इंजिनाचं क्यूबिक इंचातलं माप) घेतली, सॅक्रामेंटोच्या एका माणसाकडून, ४६,००० डॉलरला. तो डीलर नाही. जाहिरातीत 'मॅचिंग नंबर्स, ओरिजिनल ३९६', म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो, आणि बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, 'ॲज इज', आहे तशी. ब्रेक आणि कार्ब्युरेटरच्या कामाला गाडी गॅरेजला टाकली, लेखी एस्टिमेट ३,८०० चं, बिल आलं ११,४०० चं, कारण तुम्हाला न विचारता त्यांनी इंजिन खोललं. पूर्ण पैसे द्या मगच गाडी न्या म्हणतात. आणि त्यांचाच मेकॅनिक म्हणाला की हा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, या गाडीचा नाहीच.

आज कोणाशीच भांडू नका, आधी तो ब्लॉक वाचवा. तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की ते ब्लॉक मशीन शॉपला पाठवायचं म्हणतायत, ते वाचून मला खरंच काळजी वाटली. तिथे ब्लॉकचा वरचा भाग घासून सपाट करतात, डेकिंग म्हणतात त्याला, आणि शेव्हेलमध्ये नंबर ठोकलेला पॅड नेमका त्याच सपाटीत असतो, पुढे, पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडसमोर. एकदा घासलं की नंबर गेला, आणि विकणाऱ्याविरुद्धचा तुमचा मोठा पुरावाही गेला. म्हणून आजच्या आज गॅरेजला ईमेल करा की ब्लॉकला हात लावू नका, कुठे पाठवू नका, पुढचं कुठलंही काम मला मान्य नाही. मग स्वतः जाऊन पॅडचे चांगल्या उजेडात फोटो काढा आणि डॅशवरच्या, काचेतून दिसणाऱ्या व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) प्लेटचेही. पॅडवर त्याच व्हीआयएनचा शेवटचा सहा आकडी नंबर हवा.

इथे एक सांभाळा. मेकॅनिक जर 'हे तर ४०२ आहे, ३९६ नाही' एवढ्यावरून बोलत असेल तर ते धरून बसू नका, कारण १९७० मध्ये शेव्हरलेने ३९६ म्हणून विकलेलं इंजिन मापाने ४०२ क्यूबिक इंचाचंच होतं, आणि समोरचा वकील तेवढ्यावर तुमची सगळी केस हसण्यावारी नेईल. दुसरं, त्या वर्षी एसएस हे ऑप्शन पॅकेज होतं, व्हीआयएनवरून फक्त व्ही-८ (आठ सिलिंडरची) मालिबू, म्हणजे शेव्हेलचंच एक मॉडेल, एवढंच कळतं. म्हणजे गाडी साधी मालिबू असून वर एसएसचे बॅज लावलेले असू शकतात. फॅक्टरीची बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवलं त्याची यादी) पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत सापडते कधी कधी, ती शोधायला लावा, पण शेव्हेल जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून, आणि त्याच्याकडून लेखी रिपोर्ट घ्या.

आता बिल. कॅलिफोर्नियात कायदा तुमच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. एस्टिमेटच्या वर काम निघालं तर ते करायच्या आधी तुमची संमती लागते. संमती फोनवरही चालते, पण मग तारीख, वेळ, कोणी हो म्हटलं, कुठल्या नंबरवर, कुठले पार्ट, किती पैसे, हे सगळं त्यांनी नोंदवलेलं असायला हवं. 'फोन लागत नव्हता' ही संमती होत नाही. फक्त घरात आधी नीट विचारा, कोणी फोन उचलून 'बरं, करा' म्हटलं नव्हतं ना, कारण ते मला आत्ता कळलेलं बरं.

ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर, म्हणजे गॅरेजांवर देखरेख करणारं राज्याचं खातं, त्याच्या साइटवर गॅरेजचं रजिस्ट्रेशन चालू आहे का बघा. नसेल तर त्यांना गाडी अडवायचा हक्कच नाही आणि बिलासाठी दावाही लावता येत नाही. असेल तर मंजूर केलेल्या ३,८०० चा चेक द्यायची तयारी लेखी कळवा, आणि तरी गाडी सोडली नाही तर ब्यूरोकडे तक्रार करा, फुकट आहे, ते मध्यस्थी करतात, पण पैसे परत करायचा हुकूम देत नाहीत. गाडी लगेच हवीच असेल तर बिलावर 'निषेध नोंदवून पैसे देत आहे' असं लिहून भरा, गाडी बाहेर काढा आणि वरच्या ७,६०० साठी स्मॉल क्लेम्सला, म्हणजे लहान रकमांच्या कोर्टात, जा, तिथली मर्यादा १२,५०० आहे आणि वकील उभा राहत नाही, तुम्हालाच बोलायचंय. दुसरी किल्ली घेऊन रात्री गाडी काढून आणायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा, तो गुन्हा होऊ शकतो. फोनवरचं बोलणं चोरून रेकॉर्ड करणंही इथे गुन्हा आहे, दोघांची संमती लागते, म्हणून सगळं ईमेलवर आणा. आणि डीएमव्हीकडून (गाड्यांची नोंदणी करणारं राज्याचं खातं) किंवा गॅरेजकडून, बिल थकलं म्हणून गाडीच्या लिलावाची नोटीस आली तर विरोधाचा फॉर्म पाठवायला १० दिवसच असतात, तेही नोटीस पोस्टात टाकल्यापासून, म्हणून रोज मेलबॉक्स उघडा.

विकणाऱ्याकडे शेवटी वळू, पण कळवायला उशीर नको, कारण दोष समजल्यावर वाजवी वेळेत सांगावं लागतं. 'ॲज इज' म्हणजे ब्रेक गेले, गंज निघाला, गॅस्केट गळतंय, हे तुमच्या माथी, आणि खासगी विक्रेत्यावर डीलरसारखी आपोआप वॉरंटीही येत नाही. पण 'मॅचिंग नंबर्स' ही गाडीबद्दल ठामपणे सांगितलेली वस्तुस्थिती आहे, त्यावर विसंबून तुम्ही भाव दिला, आणि माहीत असून खोटं सांगितलं असेल तर 'ॲज इज' त्याला वाचवत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्याचे टेक्स्ट, पैसे दिल्याचं सगळं जपून ठेवा. मागायचा तो फरक, सांगितली तशी गाडी असती तर तिची किंमत किती आणि आहे तशीची किती. तो १२,५०० च्या वर गेला तर मोठ्या कोर्टात जावं लागेल, तेव्हा सॅक्रामेंटोकडचा वकील घ्या आणि वरचा रिपोर्ट घेऊनच त्याच्याकडे जा.

क्लासिक कारचा इन्शुरन्स घेताना फॉर्मवर ओरिजिनल इंजिन म्हणून ठरलेली किंमत लिहिली असेल तर रिपोर्ट हातात आला की कंपनीला कळवून ती दुरुस्त करून घ्या.