कुत्र्याचं पिल्लू चावते म्हणून मारू नका
दादा, तुमचं पिल्लू सारखं चावते म्हणता, पण चार महिन्यांचं पिल्लू म्हणजे दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येणं सुरू झालंय, हिरड्या शिवशिवतात बिचाऱ्याच्या, म्हणून चप्पल, सोफा, तुमचा हात, जे दिसलं ते धरते, सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालणारच. सुती कपडा ओला करून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा अन् समोर बसून चावू द्या, आपल्या नागपूरच्या उन्हात तर त्याला खूपच बरं वाटते. शिजवलेलं हाड बिलकुल नको, त्याचे तुकडे आतड्यात रुततात. हात चावला की थापड नाही मारायची, खेळ तिथंच बंद करून उठून जायचं, मग थोड्या वेळानं खेळणं द्यायचं, अन् घरातल्या सगळ्यांनी सेमच करायचं नं, नाहीतर त्याला कळणार कसं? दाताचा ओरखडा आला किंवा रक्त निघालं तर मात्र साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा अन् त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.