ईमेलमध्ये "लेटर" लिहावं की "सबसिक्वेंटली"?

प्रश्न: "आय विल सेंड द फाइल लेटर" हे ऑफिसच्या ईमेलमध्ये बाळबोध वाटतं का? "सबसिक्वेंटली" लिहू का?

उत्तर: अजिबात नको. सबसिक्वेंटलीला आधी घडून गेलेली एखादी गोष्ट लागते, मग तिच्यामागून दुसरी येते: "द टेंडर वॉज ओपन्ड इन मार्च अँड सबसिक्वेंटली कॅन्सल्ड." अहवाल, इतिवृत्त, चौकशीचे कागद ही त्याची जागा. "मी नंतर पाठवतो" या शब्द देण्याला तो शोभत नाही. त्यातून घाईत लोक त्याच्याऐवजी कॉन्सिक्वेंटली ठोकून देतात, की "त्यानंतर"चं "त्यामुळे" झालं. चौकशी अहवालात एवढ्यानं नसलेला दोष कुणाच्या तरी माथी बसतो.

लेटरला (पत्राचं नव्हे, नंतरचं) हलकं समजणाऱ्या साहेबलोकांशी माझं जुनं वाजलेलं आहे, म्हणून सांगतो. सरकारी कागद लोकांना कळावेत यासाठी अमेरिकेनं २०१० साली कायदाच केला. तिथल्या सरकारी शब्दयादीत सबसिक्वेंटली काढा आणि आफ्टर, लेटर किंवा देन लिहा असं चक्क दिलेलं आहे. आपल्याकडे उलट, लेटर खोडून वर लाल शाईनं सबसिक्वेंटली.

आपली खरी गोची वेगळीच आहे. मराठीत "दोन दिवसांनी" कुठूनही मोजता येतं. इंग्रजीत आजपासून मोजलं तर "इन टू डेज", सांगत असलेल्या हकिकतीतल्या दिवसापासून मोजलं तर "टू डेज लेटर". "आय विल कॉल यू आफ्टर टू डेज" भारतात खपतं; परदेशी गिऱ्हाईक त्याचा अर्थ "दोन दिवस तरी फोन नाही, पुढे कधीतरी" असा घेऊ शकतं. दोन दिवसांच्या आतच म्हणायचं असेल तर विदिन. लेटर ऑन बोलण्यातलं, त्याला आकडा जोडता येत नाही. "टू डेज लेटर ऑन" लिहू नका.

"पर्यंत"चंही तेच. "आय विल सेंड इट टिल थर्सडे" म्हणजे गुरुवार उजाडेपर्यंत पाठवतच राहणार! तिथे बाय थर्सडे. आणि साहेबांना नुसतं लेटर खटकत असेल तर त्यात त्यांचं थोडं बरोबर आहे, कारण त्यात वेळ नाही. "बाय फाइव्ह पीएम ऑन थर्सडे" लिहा, फॉर्मल-कॅज्युअलचा वादच उरत नाही.

इन ड्यू कोर्स म्हणजे आपलं सरकारी "यथावकाश". कार्यालयानं अर्जदाराला लिहिलं तर चालतं, तुम्ही वरिष्ठांना लिहिलंत तर "विचारू नका, होईल तेव्हा होईल" असं ऐकू येतं.

अमेरिकन आणि ब्रिटिश दोघं एकाच मेलवर असतील तर टेबल हे क्रियापद टाळा. ब्रिटिश विषय टेबल करतो म्हणजे चर्चेला घेतो, अमेरिकन करतो म्हणजे बाजूला ठेवतो. मोमेंटरिलीही तसंच: अमेरिकेत "एवढ्यात", ब्रिटनमध्ये "क्षणभर".

हां, करारनाम्याला यातलं काही लावू नका. "पहिला हप्ता १ जुलैला, देअरआफ्टर दर महिन्याच्या ५ तारखेला" इथे देअरआफ्टरच हवं. लेटरमध्ये "तिथून पुढे कायम" हा अर्थ येत नाही.