तुमचे प्रश्न : भावकीतल्या कंपनीची केस आणि वकिलाचं बिल कोण भरणार?

प्रश्न : ताई नमस्कार, इचलकरंजीत आमची घरचीच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, यंत्रमागाचे सुटे भाग बनवतो. वडील गेल्यावर 22 टक्के शेअर माझ्या नावावर झाले, बाकी सगळे दोन्ही काकांकडे. मला डायरेक्टर पदावरून काढलं, डिव्हिडंड बंद, हिशोब मागितला की टाळाटाळ. आता एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांचे वाद चालवणाऱ्या ट्रायब्युनलमध्ये, जायचं ठरवतोय. वकील म्हणतात जिंकलो की सगळा खर्च त्यांच्याकडून वसूल होतो. खरं का? शिवाय काकांच्या वकिलाची फी कंपनीच्या खात्यातून जातेय असं कळलंय, हे चालतं का?

उत्तर : दादा, सगळा खर्च परत मिळेल हे धरून अजिबात चालू नका. कंपनी कायदा 2013 च्या कलम 241 खाली तुम्ही जाऊ शकता, दहा टक्क्यांची अट असते आणि तुमच्याकडे 22 आहेत त्यामुळे तिथे अडचण नाही. कलम 242 मध्ये ट्रायब्युनलला योग्य वाटेल तेवढा खर्च लादायचा अधिकार पण दिलाय. पण अधिकार आहे म्हणजे हुकूम होतोच असं नाही, अशा घरातल्या भांडणांत बऱ्याचदा शेवटी खर्च ज्याचा त्याने सोसावा एवढंच लिहिलेलं असतं, आणि खर्च दिला तरी तो तुमच्या वकिलाच्या खऱ्या बिलाच्या जवळपास जाईल याची खात्री नाही.

आपल्याकडे ही जुनीच दुखणी आहे. दिल्ली हायकोर्टाने एका भाडेकरूच्या प्रकरणात जिंकलेल्या बाजूला वकिलाच्या प्रत्यक्ष फीनुसार 45 लाखांच्या वर खर्च दिला होता, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियमात बसत नाही म्हणून टिकू दिला नाही, आणि त्याच निकालात खर्चाचे नियम वास्तवाला धरून नाहीत हे पण सांगितलं. मग 2015 च्या कमर्शिअल कोर्ट कायद्याने व्यापारी दाव्यांपुरतं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 बदललं, आता तिथे हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा मुख्य नियम आहे, आणि कोर्ट हेही बघतं की कोण कसं वागलं, कोणी उगाच वेळ काढला, तडजोडीची वाजवी ऑफर आली असताना कोणी विनाकारण नाकारली. एनसीएलटीला दिवाणी प्रक्रिया संहिता जशीच्या तशी लागू नाही, पण खर्चाचा मुद्दा मांडताना हे सगळं उपयोगी पडतं.

म्हणून माझं म्हणणं, तुमचा हिशोब खर्चाच्या हुकमावर नको तर शेअरच्या किमतीवर बांधा. ट्रायब्युनल काकांना किंवा कंपनीला तुमचे शेअर विकत घ्यायला सांगू शकतं, आणि मूल्यांकनात थोडा फरक पडला तरी वकिलाची फी निघून जाऊ शकते. पिटिशन टाकायच्या आधीच काकांना लेखी पत्र द्या की स्वतंत्र व्हॅल्युअर, म्हणजे शेअरची किंमत ठरवणारा, दोघांनी मिळून नेमू, माझे शेअर कमी हिश्श्याचे म्हणून भाव कापू नका आणि व्हॅल्युअरला कंपनीची जी कागदपत्रं दाखवाल तीच मलाही दाखवा. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1999 च्या ओनील विरुद्ध फिलिप्स या निकालात वाजवी ऑफर म्हणजे साधारण हेच सांगितलंय. काकांनी पत्राला उत्तरच दिलं नाही तर पुढे खर्चाच्या वेळी ते पत्र समोर ठेवता येतं. आणि उलट काकांकडूनच अशी ऑफर आली तर रागाच्या भरात फेटाळू नका, खर्च तुमच्याच अंगावर येऊ शकतो.

आता दुसरा प्रश्न, आणि मला खरा राग याच गोष्टीचा येतो. केस आहे पुतण्याची आणि काकांची, त्यात कंपनीचा वकील कागदपत्रं हजर करण्यापुरता असावा, काकांचा बचाव कंपनीच्या पैशाने करायचा नाही. इंग्लंडच्या कोर्टांनी हे 1980 च्या दशकातच स्पष्ट केलंय. कंपनीने काकांच्या वकिलाला 20 लाख दिले तर त्यातले 4 लाख 40 हजार तुमच्या हिश्श्यातले गेले, म्हणजे तुम्ही तुमच्याच विरोधात फी भरताय आणि वर स्वतःच्या वकिलाची वेगळी. वार्षिक सभेच्या आधी सभासद म्हणून ताळेबंदाची प्रत मिळायचा तुम्हाला हक्क आहे, नाही दिली तर एमसीए म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या साईटवर फी भरून एओसी-4 फॉर्म, म्हणजे कंपनीने सरकारकडे भरलेला वार्षिक हिशोब, बघा, त्यात लीगल अँड प्रोफेशनल चार्जेसची ओळ शोधा आणि मागच्या दोन तीन वर्षांशी लावून बघा. भांडण सुरू झालं त्याच वर्षी आकडा उडाला असेल तर तो कागद जोडून कलम 242(4) खाली अंतरिम हुकूम मागा की निकालापर्यंत कंपनीचा पैसा यात वापरू नये. ही मागणी पहिल्याच पिटिशनमध्ये हवी, दोन वर्षांनी केली तर पैसे गेलेले असतात.

प्रश्न : मोठ्या लिस्टेड कंपनीत माझे थोडेसे शेअर आहेत. आम्ही बरेच जण एकत्र येऊन क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकच अर्ज, केली तर खर्चाचं काय?

उत्तर : कंपनी कायद्याच्या कलम 245 मध्ये हे चांगलं लिहिलंय. अर्जाचा खर्च कंपनीने किंवा ज्याने अन्याय केला त्याने उचलायचा. शिवाय आयईपीएफ म्हणजे गुंतवणूकदारांच्या फंडातून ट्रायब्युनलने मंजूर केलेला कायदेशीर खर्च परत मिळायची तरतूद कलम 125 मध्ये आहे, ही बऱ्याच जणांना माहीतच नसते. अर्ज निव्वळ त्रास द्यायला टाकला असं ठरलं तर मात्र समोरच्याला जास्तीत जास्त एक लाख द्यावे लागू शकतात.

प्रश्न : आमच्या शेअरहोल्डर ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय की वाद झाला तर लवादाचा सगळा खर्च मीच द्यायचा, निकाल काही लागो. सही केलीय, आता अडकलो का?

उत्तर : नाही. लवाद कायद्याच्या कलम 31अ प्रमाणे, निकाल काहीही लागो खर्च एकाच बाजूने द्यायचा असा करार वाद सुरू झाल्यावर केला असेल तरच चालतो, आधीचा चालत नाही. त्यामुळे तो क्लॉज बघून घाबरून माघार घेऊ नका, लवादाची नोटीस आली की पहिल्याच उत्तरात हे कलम लिहून द्या.