पंखा फिरतो, पण वर्गातली हवा बदलते का?

प्रश्न : आमची शाळा वर्दळीच्या रस्त्याला लागून आहे. धूळ आणि गोंगाट नको म्हणून रस्त्याकडच्या खिडक्या कायम बंद असतात. पंखे मात्र दिवसभर चालू असतात. एका मुलाला सर्दी-खोकला झाला की आठवड्याभरात अर्धा वर्ग आजारी पडतो. हवा शुद्ध करणारे यंत्र बसवावे, असे पालक म्हणतात. ते पुरेल का?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : पंखा वर्गातलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची हवा आत आणत नाही, भिंतीवरच्या एसीचेही बहुधा तेच असते. खोकताना, बोलताना आणि एकसुरात पाढे म्हणताना तर अधिकच बाहेर पडणारे सूक्ष्म थेंब बंद खोलीत साचत जातात. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही २ तासांपर्यंत हवेत टिकू शकतो.

हवा किती शिळी झाली, हे कार्बन डायऑक्साइडवरून कळते. बाहेर त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते. वर्गात ते ८०० ते १०००च्या आत राहिलेले बरे. वीस बाय चोवीस फुटांच्या बंद वर्गात ४५ मुले बसली, तर अर्ध्या तासातच ते २००० ओलांडते. मोजायचे यंत्र नसेल, तर सुट्टीत रिकाम्या वर्गात खिडकीपाशी उदबत्ती धरून पाहा. धूर जागीच घोटाळत राहिला, तर हवा वाहत नाही.

एकच खिडकी सताड उघडण्यापेक्षा समोरासमोरचे दार आणि खिडकी थोडी थोडी उघडी ठेवणे अधिक उपयोगी. गरम हवा वर जाते, म्हणून छताजवळचे झरोके महत्त्वाचे. पुष्कळ शाळांत कबुतरांच्या त्रासापायी तेच पुठ्ठे लावून बुजवलेले दिसतात. पुठ्ठ्याऐवजी जाळी लावा.

रस्त्याच्या धुरामुळे तुमच्याकडे यंत्राचा उपयोग नक्कीच आहे. हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीचे यंत्र धूलिकण आणि विषाणू वाहणारे थेंबही पकडते. कार्बन डायऑक्साइड मात्र कमी करत नाही, त्यामुळे खिडक्या उघडण्याला ते पर्याय नव्हे. तासाला हवेचे ५ बदल, म्हणजे वर्गातली सगळी हवा तासात पाचदा गाळली जावी असे धरले, तर वर सांगितलेल्या वीस बाय चोवीस फुटांच्या, दहा फूट उंचीच्या वर्गाला ताशी सुमारे ६८० घनमीटर हवा गाळावी लागेल आणि घरगुती वापराची बरीच लहान यंत्रे तेवढी गाळत नाहीत. खरेदीपूर्वी खोक्यावरचा हा आकडा पाहावा. यंत्र असो वा नसो, अंगणाकडच्या खिडक्या आणि दार दिवसभर उघडे ठेवा, तर रस्त्याकडच्या खिडक्या निदान मधल्या सुट्टीत, मुले बाहेर असताना, पूर्ण उघडा.