पुण्याहून बेळगावला बदली झाली आहे. फ्लॅट भर बाजारपेठेत घ्यावा की बाहेरच्या नवीन वसाहतीत?

तुमच्या प्रश्नातलं जे उत्तराला लागतं ते आधी सांगतो. नोकरी उद्यमबागच्या कारखान्यात. सोबत पत्नी, त्यांचं काम घरूनच. मुलगी चौथीत. आई सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांचा त्रास. एजंटाने दोन फ्लॅट दाखवले. एक रामदेव गल्लीच्या आसपास, 'अगदी मध्यवर्ती'. दुसरा शहराबाहेर, नवा, मोठा, पार्किंगवाला. आधी भाड्याने राहायचं आणि पटलं तर विकत घ्यायचं असा तुमचा बेत आहे.

पुण्यात घर शोधताना माणूस पहिला हिशेब ऑफिसच्या अंतराचा करतो, कारण तिथे त्यावरच दिवस ठरतो. बेळगावात त्या हिशेबाला फारसा अर्थ नाही. बाजारपेठेतून उद्यमबाग पाच-सहा किलोमीटर, टिळकवाडीतून त्याच्याही निम्मं. तुम्ही दुचाकीने कुठूनही वेळेत पोचाल. म्हणून घर तुमच्या सोयीने निवडू नका. दिवसभर जे घरी असणार आहेत त्यांना पायी कुठे कुठे जाता येईल हे बघून निवडा. आईंना भाजी, औषधं, देऊळ एकट्याने जमतंय का? मुलीला शाळेतून किंवा क्लासहून चालत येता येईल का? नव्या गावात सगळ्यात आधी अडकून पडतात ते हेच दोघं. तुम्हाला कामावर चार माणसं आपोआप भेटतात, त्यांना मुद्दाम भेटावी लागतात.

या हिशेबाने बाहेरचा मोठा फ्लॅट मी पहिल्याच फेरीत बाद करीन. तिथे दुधाच्या पिशवीलाही गाडी काढावी लागते, आणि आमच्या बेळगावात रिक्षा फारशा मीटरवर चालत नाहीत, भाडं आधी ठरवूनच बसावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या, गावात नवीन असलेल्या बाईने रोज रिक्षावाल्याशी घासाघीस करायची म्हणजे त्या आठवडाभरात घराबाहेर पडणंच सोडतील. हे मी आमच्या ओळखीत एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय, म्हणून एवढं ठामपणे लिहितोय.

मग रामदेव गल्लीच घ्या असं म्हणू का? तेही नाही. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, रामदेव गल्ली हा आमचा खरा बाजार. हाताच्या अंतरावर सगळं मिळतं, पण इथल्या बऱ्याच इमारती जुने वाडे पाडून त्याच अरुंद जागेवर उठल्या आहेत. तळमजल्यावर गाळे, वर तीन-चार मजले, आणि शेजारची भिंत इतकी जवळ की स्वयंपाकघरात दुपारीही दिवा लागतो. पार्किंगच्या जागेचा कधी कधी गाळाच झालेला असतो. शनिवारी आठवडी बाजाराची गर्दी असते, त्या दिवशी चारचाकी गल्लीत आणायचा विचारही करू नका.

शिवाय मिरवणुका आहेत. बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीने. तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर याच रस्त्यांवरून जाते. गणपतीचं विसर्जन कपिलेश्वर तलावात, आणि शेवटचे गणपती दुसरा दिवस उजाडल्यावर पोचतात. आम्हा बेळगावकरांना या रात्री वर्षातल्या सगळ्यात लाडक्या, गॅलरीतून चित्ररथ बघायला पाहुणे खास येतात. पण झोपेची गोळी घेणाऱ्या माणसाला, किंवा रात्री दवाखान्यात न्यावं लागू शकेल अशा माणसाला, त्या रात्री भर बाजारात ठेवू नये. १ नोव्हेंबरलाही काळजी घ्या. राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटक स्थापना दिनाची, मिरवणूक आणि मराठी भाषकांचा काळा दिन एकाच दिवशी असतो, रस्ते ठिकठिकाणी बंद असतात.

माझं मत विचाराल तर गोवावेसपासून आरपीडी कॉर्नरपर्यंतचा पट्टा बघा. म्हणजे हिंदवाडी, टिळकवाडी आणि भाग्यनगरचा अलीकडचा भाग. इथून बाजार रिक्षाने दहा मिनिटांत येतो, तरी रस्ते रुंद, झाडं आहेत, संध्याकाळी म्हातारी माणसं फिरताना दिसतात. मराठी तर सगळीकडे ऐकू येते. बजेट कमी असेल तर शहापूर. हा भाग पूर्वी सांगली संस्थानात होता आणि त्याची बाजारपेठ आजही स्वतंत्र आहे, कपडालत्ता-किराण्यासाठी गावात यायची गरज पडत नाही. सदाशिवनगर, नेहरूनगर, महांतेशनगर या उत्तरेकडच्या वसाहतीही चांगल्या आहेत, केएलईचं हॉस्पिटलही तिकडेच. पण उद्यमबाग बरोबर उलट टोकाला. तुमची नोकरी उत्तरेला हत्तरगीच्या बाजूला असती तर मी तिकडेच राहा म्हटलं असतं.

टिळकवाडीत घर बघताना एक गोष्ट नकाशावर कळत नाही, ती रेल्वेची. लोंढ्याकडून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग या भागाच्या कडेने जातो. पलीकडे काँग्रेस रोडला यायचं तर पहिलं किंवा दुसरं गेट ओलांडावं लागतं. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल आहे, त्यामुळे खानापूर रोडने उद्यमबागला जाताना तुम्हाला अडचण नाही. पण मुलीची शाळा रुळांच्या एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असेल, तर रोज सकाळी बंद गेटापुढे रिक्षात घड्याळ बघत बसणं आलं. आधी शाळा पक्की करा, मग रुळांच्या त्याच बाजूला घर शोधा. आणखी एक: इथल्या कुठल्याही शाळेत कन्नड शिकावीच लागते, मुलगी चौथीत म्हणजे अक्षरओळखीपासून सुरुवात. जवळपास कन्नड शिकवणाऱ्या बाई आहेत का, हेही घर बघतानाच विचारून ठेवा.

आता पाणी आणि पाऊस. यावर जरा जास्त लिहितो, कारण पुण्याहून येणारा माणूस इथेच फसतो.

शहराला पाणी येतं राकसकोप जलाशयातून आणि हिडकल धरणातून. २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली, बाकीच्या भागांत पाणी काही दिवसांआड सुटत आलं. त्यामुळे 'बेळगावात पाणी कसं आहे' असा प्रश्नच चुकीचा. या गल्लीत, या इमारतीत कसं आहे असं विचारा. तेही मालकाला विचारू नका, खालच्या किराणा दुकानदाराला आणि वॉचमनला विचारा. बोअर आहे का, मे महिन्यात त्याला किती पाणी असतं, गेल्या उन्हाळ्यात टँकर आला होता का, आला तर पैसे भाडेकरूंकडून घेतले का. जुन्या भागात विहिरी पुष्कळ आहेत. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते, खोदलेली विहीर अजून आहे, काँग्रेस रोडचं नावही त्या अधिवेशनावरून आलं. आवारात वापरातली विहीर असलेली इमारत मिळाली तर भाडं थोडं जास्त असलं तरी घ्या.

पावसाचं म्हणाल तर इथला पाऊस पुण्याच्या पावसासारखा येऊन जाणारा नव्हे. सह्याद्री जवळ आहे. जुलैत झड लागली की कपडे आठवडाभर वाळत नाहीत, गाद्यांना वास येतो, पश्चिमेकडच्या भिंती पाणी पितात. मागच्या पावसाळ्यात एका मित्रासाठी फ्लॅट बघायला गेलो होतो. दुसरा मजला, नुकताच रंग दिलेला, हॉल लख्ख. बेडरूममध्ये पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी कपाट अगदी चिकटवून ठेवलेलं. बाकी सगळं घर रिकामं आणि हे एवढं कपाट मात्र मागे, हे मला खटकलं. दोघांनी मिळून ते वीतभर ओढलं. मागचा रंग भाजलेल्या पापडासारखा फुगला होता, बोट लावलं तर पापुद्रा हातात आला आणि खालचं प्लास्टर ओलं, भुसभुशीत. जमिनीलगत पांढरा क्षार साठलेला. मालक म्हणाला, 'यंदा पाऊस जास्त झाला.' ती ओल एका वर्षाची नव्हती, क्षार इतका लवकर साठत नाही. दम्याचं माणूस घरात असताना तो फ्लॅट घ्यायचा प्रश्नच नव्हता.

तुम्हीही हेच करा. शक्य असेल तर जून ते सप्टेंबरात, भर पावसात घर बघायला या. येणं जमत नसेल तर कपाटांच्या मागे, खिडकीच्या चौकटीखाली, बाथरूमच्या बाहेरच्या अंगाला आणि वरचा मजला असेल तर छताच्या कोपऱ्यांत हात फिरवा. उन्हाळ्यातही भुसभुशीतपणा लपत नाही. नवा रंग फक्त एकाच भिंतीला दिसला तर कारण विचाराच.

आणि बळ्ळारी नाला. शहापूर-वडगावच्या बाजूचं पाणी घेऊन जाणारा हा नाला मोठ्या पावसात फुगतो आणि पाणी आसपासच्या शेतांत, सखल वस्त्यांत पसरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तर शहराच्या सखल भागांत घरांमध्ये पाणी शिरलं होतं. त्या बाजूला नव्या सोसायट्या स्वस्तात मिळतात, त्या स्वस्ताईचं कारण बऱ्याचदा हेच असतं. शेजाऱ्यांना नेमकं विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

आईंसाठी लिफ्ट लागणारच, पण लिफ्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नका. पावसाळ्यात हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) वीज जाते तेव्हा लिफ्टला जनरेटर आहे का, आणि तो खरंच चालू होतो का, हे समोर चालू करून दाखवायला सांगा. नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर जाऊ नका. तळमजल्याचं घर मात्र ओलीमुळे टाळा. मी तर पहिला मजला, दक्षिणेला किंवा पूर्वेला गॅलरी, एवढ्या अटीवर दोन खोल्या कमी घेईन. आई वाचणाऱ्या असतील तर शहरात १८४८ सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याची वर्गणी पहिल्याच आठवड्यात भरून टाका.

घर शोधायला मोबाइलवरची ॲप्स इथे अपुरी पडतात. चांगली घरं तोंडी जातात, किंवा 'तरुण भारत'च्या छोट्या जाहिरातींत येतात. पसंतीच्या दोन गल्ल्या ठरवा आणि संध्याकाळी पायी फिरा, गेटावर पाट्या लागलेल्या असतात. काही मालक शाकाहारी भाडेकरूच हवा म्हणतात, हा विषय पहिल्याच भेटीत बोलून टाका, म्हणजे पुढे मन कडू होत नाही.

व्यवहारात 'लीज' हा शब्द कानावर पडेल. महाराष्ट्रात हेवी डिपॉझिट म्हणतात तोच प्रकार: एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाही, सोडताना रक्कम परत. ऐकायला छान वाटतं. पण मालकाने त्या घरावर कर्ज काढलेलं असेल आणि ते थकलं, तर तुमची रक्कम अडकते. नोंदणीकृत करार आणि सब-रजिस्ट्रारकडचा बोजा दाखला, ज्याला इथे सगळे ईसी म्हणतात, हातात आल्याशिवाय लीजचा एक रुपया देऊ नका. नव्या माणसाने साधं अकरा महिन्यांचं भाडंच बरं.

विकत घ्यायचं तर निदान एक पावसाळा त्याच भागात काढा. मग खाता, म्हणजे महापालिकेतली मालमत्तेची नोंद, बघा. ए-खाता की बी-खाता, हा इथला कळीचा प्रश्न. रीतसर मंजुरी नसलेल्या जागांना बी-खाता मिळतो, आणि तिथे बँक कर्ज देताना मागेपुढे पाहते. कागद सगळे कन्नडमध्ये असतील. एजंट मराठीत भराभरा वाचून दाखवेल, त्यावर सही करू नका. स्वतःचा वकील करून एकेक ओळ समजून घ्या. त्याची फी वाचवण्यात काही शहाणपण नाही.

राहायला आल्यावरची दोन कामं. कर्नाटकात गृहज्योती योजनेत घरगुती विजेचं बिल ठरावीक वापरापर्यंत माफ असतं, वरची मर्यादा महिन्याला २०० युनिट. भाडेकरूंनाही ते मिळतं. मीटरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नोंदणी क्रमांक, तुमच्या आधारला जोडावा लागतो, पण आधीच्या भाडेकरूने आपलं आधार काढलेलं नसेल तर अर्ज अडतो. म्हणून किल्ली घेतानाच मालकाकडून ते डी-लिंक करून घ्या. दुसरं तुमच्या एमएच पासिंगच्या गाडीचं: वर्षभरापेक्षा जास्त इथे चालवायची असेल तर कर्नाटकचा आजीवन कर भरून बेळगावचा केए-२२ नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी लागते, ती निघण्याआधी तिथूनच काढून आणा, नाहीतर त्या एका कागदासाठी पुन्हा पुण्याची फेरी पडते.