पहिला झुरका फुकटचा असतो

सर, नववी-दहावीच्या मुलांशी सिगारेटबद्दल बोलताना कॅन्सरपासून सुरुवात करू नका. चाळीस वर्षांनंतरचं त्यांना दिसत नाही. पहिली सिगारेट बहुधा विकत घेतलेली नसते. जत्रेत, फेस्ताला (चर्चच्या सणाला), फुटबॉलच्या मॅचनंतर मोठा मित्र पेटवलेली पुढे करतो आणि नको म्हणायची लाज वाटते. खोकला येतो, गरगरतं. काही वेळा ओढली की ते कमी होतं, मुलाला वाटतं जमलं. खरं तर निकोटीन, म्हणजे तंबाखूतलं व्यसन लावणारं द्रव्य, तिथेच पकड घेतं: झुरक्यानंतर १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं. पुढे गाड्यावर एकेक सुटी सिगारेट मिळते, पाकिटाएवढे पैसेही लागत नाहीत. म्हणून "नको रे, दम लागतो" हे वर्गात मोठ्यानं म्हणवून घ्या. शाळेपासून १०० यार्डांत सिगारेट-तंबाखूच्या विक्रीला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे; गाडा दिसल्यास लेखी तक्रार द्या. सापडलेल्या मुलाला चारचौघांत ओरडू नका, तो लपून ओढेल.